पावसाला द्यायचा थर

घाई नको. समोर एक भिंत आहे आणि तिच्याकडे बघण्यापलीकडे आत्ता काही करायचं नाही.

जायचं आहे ते मनानंच. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, ईशान्येकडच्या कोपऱ्यात, वॉट्रस नावाचं लहानसं गाव आहे. तिथून निघालेला रस्ता बारा-तेरा किलोमीटरवर संपतो. संपतो तिथे फोर्ट युनियन. समुद्रसपाटीपासून उंची दोन हजार मीटरहून थोडी अधिक. पश्चिमेला सांग्रे दे क्रिस्तो डोंगर, पूर्वेला टर्की माउंटन्सच्या बुटक्या टेकड्या आणि मधे नुसतं गवत. वाऱ्याला अडवायला काहीच नसल्यामुळे तो इथे बहुतेक वेळ असतोच. त्याची सवय होऊ द्या.

किल्ला म्हटल्यावर आपले डोळे आपोआप तट शोधू लागतात, मग बुरूज, मग दरवाजा. इथे त्यातलं काही नाही. आहेत त्या मोकळ्या मैदानाभोवती ओळीनं बांधलेल्या बैठ्या इमारती. त्यांचंही छप्पर गेलेलं आणि भिंती उरल्या तेवढ्याच. कुठे दोन पुरुष उंचीच्या, कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे फक्त जमिनीला आलेला उंचवटा. मधून मधून विटांची धुरांडी उभी आहेत. मराठवाड्यात किंवा खानदेशात एखाद्या गावची ढासळती गढी तुम्ही पाहिली असेल, तर या भिंती तुम्हाला फारशा परक्या वाटणार नाहीत. मातीचा रंग निराळा, तांबूस-तपकिरी. पण कडा विरघळून गोल झालेली, माथ्याकडे निमुळती होत गेलेली मातीची भिंत सगळीकडे सारखीच दिसते.

भिंतीपासून तीन हात अंतर ठेवा. हात लावायचा नाही, टेकायचं नाही. तिथला नियम तसा आहेच, पण बघण्यासाठीही एवढं अंतर बरं.

आता नजर खालून वर न्या, सावकाश. अगदी तळाशी दगडी पाया. त्यावर कच्च्या विटांचे थर. वाळू, गाळ, थोडी चिकणमाती आणि पाणी कालवायचं, वाळताना तडे जाऊ नयेत म्हणून त्यात गवताच्या काड्या घालायच्या, लाकडी साच्यातून वीट पाडायची आणि उन्हात वाळवायची. न्यू मेक्सिकोत या विटेला ॲडोबी म्हणतात. भट्टी नाही, चुना नाही. दोन विटांमधला सांधाही त्याच चिखलाचा. ही वीट कोरडी आहे तोवर दगडासारखी भार सोसते. भिजली की तिला आपण माती असल्याचं आठवतं.

माथ्याकडे बघा. इमारत नवी होती तेव्हा तिथे भाजक्या विटांच्या दोन-चार ओळी होत्या. त्या काळच्या न्यू मेक्सिकोतल्या घरांची ती एक ओळखच होऊन बसली, दिसायलाही छान. पण मूळ काम होतं पाऊस भिंतीच्या पोटात शिरू न देण्याचं. जिथे त्या ओळी निखळल्या तिथे भिंतीत वरून घळ पडत गेली.

पुन्हा खाली या, पायाच्या लगेच वर. इथे जरा जास्त वेळ थांबा, कारण भिंतीचं खरं दुखणं इथे आहे. हिवाळ्यात बर्फ साचतं ते भिंतीच्या पायथ्याशी. वितळलेलं पाणी विटांमधून वर चढतं. रात्री ते गोठून फुगतं, दिवसा वितळून आक्रसतं. पाणी उडून जातं, पण त्यात विरघळलेले क्षार विटेतच राहतात. ते फुलतात आणि मातीचे कण एकमेकांपासून सोडवतात. जुलै-ऑगस्टच्या दुपारी वळवासारख्या सरी कोसळतात, त्यांचे शिंतोडेही याच पट्ट्यावर. पायाच्या वर भिंत आत खोबणीसारखी खाल्ली जाते. वरचं सगळं ओझं तसंच. पावसानं भिंत वरून झिजते, पण ती पडते खालून.

या पट्ट्याकडे बघताना एक गोष्ट ध्यानात येते. भिंतीचा सर्वांत बाहेरचा थर गुळगुळीत, नवाच आहे. बोटांच्या रुंदीचे फराटे दिसतात. म्हणजे आपण बघतोय ती १८६० च्या दशकातली वीट नव्हेच. ती आत आहे. आपण बघतोय तो तिच्यावर अलीकडेच दिलेला मातीचा लेप आणि तो दिला आहे तो वाहून जाण्यासाठीच. पावसाला काही तरी न्यायचंच असतं, तर हे ने. आतलं राहू दे.

हे मनात ठेवून आता जरा मागे जाऊ.

या खोऱ्यातून एक वाट जात होती. मिसूरीहून निघून साधारण चौदाशे किलोमीटर पश्चिमेला सांता फेपर्यंत. १८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी विल्यम बेकनेल हा व्यापारी मिसूरीहून माल घेऊन सांता फेला पोहोचला. तिथून ही वाट वाहती झाली. पंचवीस वर्षांनी, १८४६ मध्ये, त्याच वाटेनं अमेरिकेचं सैन्य आलं आणि सांता फे त्यांनी घेतलं. १८४८ च्या तहानं मुलूख कागदावरही अमेरिकेचा झाला. निदान मेक्सिकोच्या आणि अमेरिकेच्या कागदावर. हिकारिया अपाची, यूट, कोमान्ची, कायोवा या लोकांनी त्या तहावर सही केली नव्हती आणि वाट त्यांच्या शिकारीच्या, चराईच्या, राहण्याच्या मुलखातून जात होती. वाटेच्या दोन शाखा जिथे एकत्र येत, त्याच्या जवळच १८५१ मध्ये लेफ्टनंट कर्नल एडविन सम्नर यांनी हे ठाणं वसवलं. सांता फेसारख्या शहरात सैनिक बिघडतात, असं त्यांचं ठाम मत होतं. शहरापासून लांब नेलं की शिस्त येईल आणि खर्चही कमी होईल, असा हिशेब. खर्च वाचवण्यासाठी सैनिकांना शेती करायलाही लावली. ती तोट्यात गेली.

पहिला किल्ला लाकडी होता. सैनिकांनी पाइनचे ओंडके तोडून बांधलेला, तेही सालं न काढता. ओंडके कुजले, त्यात किडे झाले, छतं गळू लागली. ढेकणांच्या त्रासानं लोक आत झोपण्यापेक्षा बाहेर उघड्यावर झोपणं पसंत करत. फार रेंगाळण्यासारखं त्यात काही नाही. दुसरा किल्ला १८६१ चा. अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटल्यावर टेक्सासकडून हल्ला येईल या धास्तीनं मातीचे बांध घालून केलेला, वरून चांदणीसारखा दिसणारा. राहायच्या खोल्या त्या बांधांच्या पोटात. दमट, कोंदट. सैनिक आजारी पडू लागले आणि बाहेर तंबू ठोकून राहू लागले. हल्ला किल्ल्यापर्यंत आलाच नाही. मार्च १८६२ मध्ये ग्लोरिएता खिंडीत लढाई झाली. इथून गेलेल्या तुकड्यांनी टेक्सासच्या फौजेचा सगळा रसद-तांडा जाळला आणि ती फौज उपाशीपोटी माघारी गेली.

तांडा जाळणाऱ्या तुकडीचा मेजर होता जॉन चिव्हिंग्टन. त्या दिवसाचा नायक. अडीच वर्षांनी, नोव्हेंबर १८६४ मध्ये, कोलोरॅडोत सँड क्रीकच्या काठी शायेन आणि अरापाहो लोकांच्या झोपलेल्या वस्तीवर त्यानंच फौज घातली. मेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. त्यांची बेरीज-वजाबाकी करायला मन धावतं. धावू द्या, पण उत्तर मागू नका. दोन्ही शेजारी शेजारी तशाच राहू द्या.

आपण ज्या भिंतीसमोर आहोत ती तिसऱ्या किल्ल्याची. १८६३ मध्ये जनरल जेम्स कार्लटन यांच्या हुकमानं काम सुरू झालं आणि पुढची पाच-सहा वर्षं चाललं. या वेळी माती निवडली, कारण या मुलखात घरं मातीचीच बांधली जात आणि ती बांधणारी माणसंही इथेच होती. आजूबाजूच्या खेड्यांतली स्पॅनिश बोलणारी माणसं विटा पाडायला आली. तावदानांची काच, खिळे, छपराचे पत्रे पूर्वेकडून बैलगाड्यांवर लादून आणले. मातीच्या भिंतींना पांढरे लाकडी खांब आणि खिडक्यांना पूर्वेच्या धाटणीच्या चौकटी दिल्या. अंगण इथलं, चेहरा तिकडचा.

मैदानाकडे बघा. एका बाजूला अधिकाऱ्यांची घरं, समोर सैनिकांच्या बराकी. एवढं बघून माणसं निघतात, कारण किल्ल्यात सैनिक राहतात हे ठरलेलं आहे. पण नजर जरा पलीकडे न्या. तिकडची भिंतींची गर्दी ही कोठारांची, कार्यशाळांची, गोठ्यांची. फोर्ट युनियन हा लढण्याचा किल्ला फारसा कधी नव्हताच. तो नैऋत्येतल्या सगळ्या ठाण्यांना माल पुरवणारा डेपो होता. पीठ, बूट, घोंगड्या, काडतुसं, घोड्यांचे नाल. मिसूरीहून गाड्या येत, इथे उतरत, इथून पुन्हा भरून दूरदूरच्या ठाण्यांकडे जात. चाकं दुरुस्त करणारे, लोहार, सुतार, खोगीर शिवणारे, गाडीवान, कारकून. हे नोकर सैनिकांपेक्षा जास्त होते. वाळलेल्या लाकडाचं चाक सैल झालं की लोखंडी धाव लालबुंद तापवून त्यावर बसवायची आणि पाणी ओतून आवळायची. या हवेत लाकूड फार लवकर वाळतं. त्या कामाचा आवाज इथे दिवसभर असणार. बिगुलापेक्षा तोच जास्त.

मिनिटभर त्या आवाजाची कल्पना करा. मग तो बंद करा.

आता या कोठारांतून कुठे कुठे माल जात होता, त्यातलं एक ठिकाण. दक्षिणेला, पेकोस नदीच्या काठी, बोस्के रेदोन्दो. तिथल्या ठाण्याला नाव दिलं होतं फोर्ट सम्नर, याच एडविन सम्नरचं. १८६३-६४ मध्ये कार्लटनच्या हुकमावरून किट कार्सनच्या फौजेनं नवाहो लोकांची पिकं जाळली, मेंढरं मारली, फळबागा तोडल्या. उपासमारीनं शरण आलेल्यांना थंडीवाऱ्यात शेकडो किलोमीटर चालवत बोस्के रेदोन्दोला नेलं. आठ हजारांहून जास्त माणसं. त्यांच्या आधी आणलेले मेस्कालेरो अपाची वेगळे. त्यांनी तिथे शेतकरी व्हावं, अशी योजना. पेकोसचं पाणी खारट, पिकं किडीनं खाल्ली, जळण संपलं. खाण्यातलं बरंच काही येई ते फोर्ट युनियनच्या वाटेनं. कधी अपुरं, कधी खराब. सुमारे दोन हजार माणसं तिथे दगावली. १ जून १८६८ रोजी तह झाला आणि उरलेले आपल्या मुलखात परत गेले.

ही भिंत त्याच वर्षांत बांधली जात होती. विटा वाळत होत्या तेव्हा हे चाललं होतं. पिठाच्या पोत्यांची नोंद करणाऱ्या कारकुनाला सगळं ठाऊक असेल की नसेल. पोती मोजताना हे मनात येतही नसावं. मला या डेपोची भीती वाटते ती त्यासाठीच. तोफ दिसते, ती कुणावर रोखली आहे तेही दिसतं. कोठाराच्या रिकाम्या खोलीत उभं राहिलं तर काहीच दिसत नाही. नीट, चौकोनी, थंडगार खोली. इथे वाट बघावी लागते, तेव्हा कुठे ती बोलते.

फोर्ट सम्नरच्या भिंती आज नाहीत. पेकोसला पूर येत गेले आणि नदीनं बहुतेक सगळं नेलं. तिथे आता एक स्मारक आहे, २००५ साली उघडलेलं. नवाहो वास्तुकार डेव्हिड स्लोन यांनी ते रेखलं. एक भाग नवाहोंच्या घराच्या, होगानच्या आकाराचा, दुसरा अपाचींच्या तिपीच्या. जवळच दगडांची एक रास आहे. नवाहो लोकांनी आपल्या मुलखाच्या निरनिराळ्या भागांतून दगड आणून ती रचली. जिथे भिंत वाचवली तिथे पुरवठ्याची आठवण राहिली आणि जिथे तो पुरवठा ज्यांच्या वाट्याला आला त्यांची आठवण आहे, तिथे वाचवायला भिंतच नाही. फोर्ट युनियनला जाणाऱ्यानं तिथेही जावं. दोन्हींमध्ये एका दिवसात होणारा प्रवास आहे.

परत आपल्या भिंतीकडे. मन भरकटलं असेल तर हरकत नाही.

१८७९ मध्ये रेल्वे या खोऱ्यात पोहोचली. गाड्यांच्या तांड्यांना महिने लागत तिथे आता दिवस लागू लागले आणि मधला डेपो कशाला हवा हा प्रश्न आपसूक आला. त्यानंतरही किल्ला दहा-बारा वर्षं चालला. नवव्या घोडदळाचे कृष्णवर्णीय सैनिक इथे होते. त्यांच्यातले कितीतरी गुलामीत जन्मलेले. १८९१ मध्ये सैन्य निघून गेलं. जमीन सरकारी नव्हतीच. स्पेन-मेक्सिकोच्या काळापासून चालत आलेल्या मोरा इनामाचा तो भाग, म्हणून ती खासगी मालकांकडे, गुरांच्या कुरणात परत गेली.

मग आसपासचे लोक आले. त्यांनी दारं नेली, खिडक्या नेल्या, तुळया, पत्रे, भाजक्या विटा नेल्या. याला लूट म्हणण्याची माझी तयारी नाही. या झाड नसलेल्या मुलखात सरळ वाळलेली तुळई म्हणजे केवढी मोलाची गोष्ट. शिवाय ज्यांच्या आज्या-आजोबांनी विटा पाडल्या त्यांनीच ती नेली असेल, तर त्यात एक न्यायही आहे. पण मातीच्या घराचं छप्पर निघालं की घर पावसाच्या स्वाधीन झालं. लाकूड नेणाऱ्यानं भिंतीला हातही लावलेला नसतो आणि भिंत तिथेच संपलेली असते. एक इमारत मात्र जवळजवळ जशीच्या तशी उरली. सैनिकांचा तुरुंग. तो दगडाचा होता.

मेरियन रसेल नावाची एक बाई सात वर्षांची असताना, १८५२ मध्ये, आईबरोबर सांता फेच्या वाटेनं गाडीतून इथे आली. पुढे इथल्याच एका लेफ्टनंटशी १८६५ मध्ये तिचं लग्न झालं, याच किल्ल्यात. नव्वदीकडे झुकल्यावर तिनं आपल्या आठवणी सुनेला सांगितल्या. त्यांचं पुस्तक झालं. त्या म्हातारपणी ती इथे पुन्हा आली होती. तिच्यापुढे पडक्या भिंती आणि धुरांडी होती आणि त्यांतूनही तिला आपलं घर सापडलं. आपण ज्याला अवशेष म्हणतो त्याचं छप्पर तिला दिसत होतं. विचार करा, हे सगळं आपल्यासाठी पहिल्यापासूनच पडकं आहे. आपण त्याच्यावर प्रेम करतो ते पडकं म्हणूनच. तिचं तसं नव्हतं.

१९५४ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदा केला आणि फोर्ट युनियन राष्ट्रीय स्मारक झालं. कुरणाच्या मालक कंपनीनं सुमारे ७२० एकर जमीन दिली. दोन वर्षांनी राष्ट्रीय उद्यान विभागाची माणसं आली आणि त्यांनी माती उपसून पाये मोकळे केले. तेव्हापासून एक विचित्र काम चालू आहे. पासष्ट वर्षं वितळत आलेली वस्तू त्या क्षणी होती तशी धरून ठेवायची. नवी करायची नाही आणि पुढे पडूही द्यायची नाही. १८९१ चा किल्ला नाही, १८६९ चा तर नाहीच. जपायचा आहे तो १९५६ चा पडका किल्ला. हे कुणी मुद्दाम ठरवलं असं नाही. ज्या वर्षी माणसं पोहोचली ते वर्ष थांबलं.

सुरुवातीला त्यांनी रसायनावर भिस्त ठेवली. भिंतींवर सिलिकोन फवारलं. कल्पना चांगलीच होती, बाहेरून पाणी शिरू द्यायचं नाही. पण पाणी खालूनही येतं, हे आपण मघाशी पाहिलं. आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी. वरचा कडक पापुद्रा आतल्या मऊ मातीपासून सुटून निघू लागला आणि निघताना मूळ वीटही घेऊन गेला.

हीच गोष्ट याच राज्यात दुसऱ्या एका गावानं निराळ्या तऱ्हेनं अनुभवली. ताओसजवळ रान्चोस दे ताओस इथे सान फ्रान्सिस्को दे आसीसचं मातीचं चर्च आहे. त्याच्या मागच्या गोल, जाड भिंती जॉर्जिया ओकीफनं रंगवल्या, ॲन्सेल ॲडम्सनं टिपल्या, त्यामुळे चित्रांत तुम्ही ते कदाचित पाहिलंही असेल. त्या भिंतींना दर वर्षी मातीचा गिलावा करावा लागे. १९६७ मध्ये गावानं त्या कटकटीतून सुटायचं ठरवलं आणि सिमेंटचा गिलावा केला. बाहेरून सगळं छान. आत ओल कोंडली आणि भिंती मुकाट्यानं कुजू लागल्या. बारा-एक वर्षांनी गावानं ते सिमेंट फोडून काढलं आणि पुन्हा मातीकडे वळलं. आता दर उन्हाळ्यात गावकरी जमतात, माती चाळतात, काड्या घालून कालवतात आणि हातांनी भिंतींवर थापतात. उत्तर न्यू मेक्सिकोत हे काम परंपरेनं बायकांचं. त्यांना एन्हारादोरा म्हणतात. कुठल्या भिंतीला किती चिकणमाती लागते हे त्यांच्या बोटांना कळतं. सिमेंटनं त्यांची गरजच काढून घेतली होती. भिंत कुजण्याइतकंच हेही नुकसान, असं मला वाटतं.

फोर्ट युनियनमध्येही शेवटी हाच लेप उरला. मधल्या काळात मातीत कृत्रिम चिकट द्रव्यं मिसळून पाहिली, प्रमाणं बदलून पाहिली, पण मूळ गोष्ट तीच राहिली. हिवाळा सरला की कामगार भिंती तपासत फिरतात. जिथे पायथा आत गेला आहे तिथली भुसभुशीत माती झाडून काढायची, जागा हलकेच ओली करायची आणि इथेच पाडलेल्या नव्या कच्च्या विटा आत बसवायच्या. मग लेप. भिंत आधी ओलवली नाही तर ती लेपातलं पाणी ओढून घेते आणि लेप सुटतो. जास्त ओलवली तर भिंतच ढिली होते. लेप भिंतीपेक्षा मजबूत असला तर तेही चालत नाही. तो भिंतीहून थोडा दुबळा हवा, म्हणजे आधी तो जाईल. माझं मन या वाक्यापाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबतं. रक्षण करणारं नेहमी बळकट असावं, हे आपण किती गृहीत धरलेलं असतं.

काय टिकतं आणि काय टिकत नाही हे कळावं म्हणून याच राज्यात दक्षिणेला, फोर्ट सेल्डन या दुसऱ्या पडक्या किल्ल्याच्या आवारात, १९८० च्या दशकात मुद्दाम नव्या मातीच्या भिंती बांधल्या गेल्या. कुणीही राहायचं नाही, कशालाही आधार द्यायचा नाही. कुणाला एक गिलावा, कुणाला दुसरा, कुणाला वर टोपी, कुणाला काहीच नाही. गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटही त्या कामात होती. भिंती उभ्या केल्या त्या कशा पडतात हे बघायला. तिथे उभं राहून काय वाटत असेल, हे मनाशी जरा आणून बघा.

दुसरा रस्ताही होता. सांता फेच्याच वाटेवर, उत्तरेला कोलोरॅडोत, आर्कान्सा नदीकाठी बेंट बंधू आणि सेरां सेंट व्रेन या व्यापाऱ्यांचा १८३३ चा मातीचा किल्ला होता. १८४९ मध्ये तो मोडला. १८४६ मध्ये लेफ्टनंट एबर्ट तिथे आजारपणामुळे अडकून पडला होता, तेव्हा त्यानं वेळ घालवायला किल्ल्याची मापं घेतली, चित्रं काढली. त्यांच्या आणि उत्खननाच्या आधारानं १९७६ मध्ये सगळा किल्ला पुन्हा उभा केला. छप्पर, फर्निचर, कोंबड्या, सगळं. मुलांना तो फार आवडतो आणि आवडावाच. पण तिथे मातीला आपलं वय सांगता येत नाही. फोर्ट युनियनची भिंत एवढी एकच गोष्ट अगदी खरी सांगते: मला किती वर्षं झाली आणि मी किती उरले.

अर्थात तेही पूर्ण खरं नाही. दर दुरुस्तीला थोडी नवी वीट आत जाते, थोडी जुनी झडते. आकार तोच, आतली १८६० च्या दशकातली माती जराशी कमी. हे किती वर्षं चालवायचं? सगळ्या भिंतींना दर वर्षी लेप देण्याएवढे हात आणि दिवस असतातच असं नाही. त्यामुळे कुठली भिंत आधी आणि कुठली मागून, हे दर उन्हाळ्यात कुणाला तरी ठरवावं लागतं. तिथे जपणूक म्हणजे दर वर्षी केलेली एक निवड आहे. ती तुमच्या हातात आहे असं क्षणभर समजा. भिंतींकडे एकेक करून बघा. अधिकाऱ्यांची घरं, रुग्णालय, बराकी, कोठारं, कारागिरांचं आवार. निवडताना मनात काय काय उमटतं तेवढं फक्त बघत राहा. कदाचित जी भिंत उंच आहे तीच महत्त्वाची वाटेल. कदाचित जिथे कुणाचं नाव ठाऊक आहे तिकडे मन ओढ घेईल.

पलीकडे गवतात लांबवर गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्याही दिसतील, ऊन तिरपं असेल तर चांगल्याच. रुंद, उथळ, एकमेकींशेजारून जाणाऱ्या. त्यांना कुणी लेप देत नाही. जमीन कधी नांगरली नाही, नुसती गुरं चरली, म्हणून त्या राहिल्या. त्यांच्यापुरतं काही न करणं हीच जपणूक झाली. भिंतीला ती सोय नाही.

मला कुणी विचारलं, तर मी पहिला लेप कारागिरांच्या आवाराला देईन. अधिकाऱ्यांच्या घरांची धुरांडी भाजक्या विटांची आहेत, त्या घरांत कोण राहिलं याच्या याद्या आहेत, फोटो आहेत, बायकांनी लिहिलेली पुस्तकं आहेत. ती घरं दोन-चार वर्षं मागे पडली तरी त्यांना सांगणारं कुणीतरी उरेल. चाकाची धाव आवळणाऱ्या माणसाचं नाव बहुधा पगारपत्रकातच असेल, तेही वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये. त्याच्या खोलीच्या भिंतीची उंची आत्ताच गुडघ्याला आली आहे. काम मे महिन्यात तिथून सुरू करावं, जुलैच्या सरी यायच्या आत.